गार माती

गोळी अडवणं हे काही मोठं दिव्य नाही. लोखंडाचा जाड पत्रा छातीला बांधा, गोळीची काय बिशाद आत शिरायची! पण तो पत्रा बांधून माणसाने पळायचं कसं, सरपटायचं कसं, चढ चढायचा कसा, हे कोण सांगणार? सैनिकाच्या चिलखताचं सगळं दुखणं वजनाचं असतं. या धंद्यातल्या माणसांची उभी हयात किलो-अर्धा किलो कमी करण्यात जाते. धाकट्याची तशी बारा वर्षं गेली. बारा वर्षांनी त्याने जाकिटात छातीवर बसणाऱ्या एका प्लेटमागे सव्वा किलो उतरवलं, तेव्हा चाळिशी उलटली होती, लग्न राहून गेलं होतं आणि डोक्यावरचे केस मोजून घ्यावेत इतके उरले होते.

धाकटा म्हणजे दोन भावांमधला धाकटा. कारखान्यात तीनशे माणसं, पण साहेब म्हटलं की ते थोरल्याला. याला सगळे धाकटेच म्हणत. थोरला माल विकायचा, हा घडवायचा. थोरल्याच्या जिभेवर साखर आणि डोक्यावर बर्फ. शिव्या द्यायला आलेला माणूससुद्धा त्याच्याकडे चहा पिऊन, वर ऑर्डर देऊन जायचा. धाकट्याचं नेमकं उलटं. कापडाचे थर, राळ, कपबशीसारख्या पांढऱ्याशुभ्र कडक फरशा, यांच्यात त्याला दिवसचे दिवस कोंडून घाला, तो खूश. पण चार माणसांत उभं राहून दोन वाक्यं बोल म्हटलं, की घशाला कोरड आणि तळव्यांना घाम.

"तुझी वाचासुद्धा थोरल्यानेच नेली रे, आधी जन्मला म्हणून," असं मावशी म्हणायची.

ही मावशी काही सख्खी नव्हे. चाचणीच्या शेडमध्ये माती मळणारी बाई, पण आबांच्या, म्हणजे या दोघांच्या वडिलांच्या वेळपासूनची. धाकट्याला तिने चड्डीत पाहिलेला. त्यामुळे अख्ख्या कारखान्यात त्याला अरेतुरे करायचा हक्क तिचा आणि थोरल्याचा.

आता माती कशाला, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिथेच आहे. प्लेट गोळी अडवते की नाही हे बघायचं, तर तिच्यामागे माणूस काही उभा करता येत नाही. म्हणून मातीचा ठोकळा लावतात. तेलात मळलेली, मऊ, माणसाच्या मांसासारखी दबणारी माती. प्लेट ठोकळ्यावर बांधायची, पंधरा पावलांवरून गोळी झाडायची आणि मग प्लेट काढून मातीत खड्डा किती पडला ते मोजायचं. गोळी आरपार गेली नाही म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं नसतं. गोळी अडते, पण प्लेट मागच्या बाजूला फुगते आणि छातीत घुसते. खड्डा चव्वेचाळीस मिलिमीटरच्या आत असला तर माणूस चार दिवस कण्हेल आणि उठेल. त्याच्यापुढे गेला तर बरगड्या मोडून काळजावर येतात. अंगावर जखम नाही, रक्ताचा थेंब नाही आणि माणूस खलास.

माती मात्र उबदार हवी. गार माती कडक होते, तिच्यात खड्डा कमी पडतो आणि प्लेट आहे त्याहून चांगली दिसते. म्हणून मावशी ठोकळा भट्टीत ऊन करायची, मग दोन मीटरवरून त्याच्यावर पोलादाचा गोळा सोडायची. गोळ्याने पाडलेली खळी ठरल्या मापाची आली की माती पास. धाकटा वहीत बरोबरची खूण करायचा आणि गोळीबार सुरू व्हायचा. आबांच्या वेळपासून हाच क्रम. भट्टी, गोळा, खूण, बंदूक.

गेल्या वर्षी आजूबाजूच्या लोकांनी आवाजाची तक्रार केली, म्हणून गोळीबाराची शेड अंगणापलीकडे नेली. भट्टी जुन्याच जागी राहिली, कारण तिची वीज तिथे होती. माती भट्टीतून निघायची, तिथेच गोळा पडायचा, तिथेच खूण व्हायची आणि मग ठोकळा ढकलगाडीवरून थंडीवाऱ्यात अंगण ओलांडून पत्र्याच्या शेडमध्ये जायचा. तिथे बांधाबांध, नेम, कुणी पाना विसरला म्हणून कुणी परत जा. क्रम अगदी आबांचाच होता, फक्त मधे एक अंगण आलं होतं. शिकल्यासवरल्या माणसाच्या हे लक्षात येऊ नये? नाही आलं. चाकोरीत चालणाऱ्या बैलाला बांध हलवलेला दिसत नाही.

त्या थंडीत नव्या हलक्या प्लेटच्या चाचण्या झाल्या. एकोणचाळीस, चाळीस, अडतीस. धाकटा अक्षरशः नाचला. त्याने अहवालावर सही केली. दोनशे जाकिटं वापरून बघायला म्हणून सीमेवर गेली, कारण तिकडे लढाई पेटली होती आणि पोरं जुन्या जड जाकिटांना वैतागून ती तंबूतच टाकून जात होती. पुढच्या चार हजार जाकिटांची बोलणी जवळजवळ पक्की झाली. राहिलं होतं ते फक्त प्रात्यक्षिक.

हे प्रात्यक्षिक म्हणजे या घराण्याची ओळख. आबा मुळातले शिंपी. पोलिसांचे पट्टे शिवता शिवता जाकिटांकडे वळले. पहिलं जाकीट घ्यायला गिऱ्हाईक तयार होईना, तेव्हा म्हणे आबांनी ते स्वतःच्या अंगात घातलं आणि सांगितलं, झाडा गोळी. तेव्हापासून रीत पडली. मोठी ऑर्डर असली की घरातल्याने जाकीट घालायचं, घरातल्यानेच गोळी झाडायची. आबांनंतर थोरला उभा राहू लागला आणि बंदुकीची दोरी धाकट्याच्या हातात आली. बंदूक लोखंडी चौकटीत पक्की बसवलेली, नेम आधीच लावलेला. याने फक्त एक काडतूस भरायचं आणि दोरी ओढायची. पण समोर सख्खा भाऊ! अकरा वेळा धाकट्याने भावाच्या छातीवर गोळी झाडली होती आणि अकराही वेळा आधीचे दोन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

बाराव्या प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी सकाळी धाकटा पाहुण्यांच्या खोलीत आवराआवर करत होता. तिथे काचेच्या कपाटात, खाली छोटा दिवा लावून, थोरल्याने एक जाकीट ठेवलं होतं. त्या दोनशेंतलं, सीमेवरून परत आलेलं, छातीच्या मधोमध गोळी अडकलेलं. वर सोनेरी अक्षरांत पाटी: 'गोळी इथे थांबली.' बघणाऱ्याची छाती भरून यायची. धाकट्याने धूळ झटकायला ते बाहेर काढलं आणि सहज आतून हात फिरवला. हाताला फुगवटा लागला. चांगला मूठभर. त्याने प्लेट खिशातून ओढून काढली, तर तिच्याबरोबर दोऱ्याला बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी आली. कुठल्याशा कोठारातल्या कारकुनाने पेन्सिलीने लिहिलं होतं: 'मृताच्या अंगावरून काढले. बाहेरून जखम नाही.'

धाकट्याने ती दोनदा वाचली. तो खाली फरशीवरच बसला. मग उठला आणि तडक मावशीकडे गेला.

"मावशी, अंगणापलीकडे गेल्यावर माती कशी लागते हाताला?"

"कशी म्हणजे? दगड!" मावशी म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात सांगितलं नव्हतं का तुला? तू म्हणालास, गोळ्याची खूण बरोबर आली ना, मग झालं. मी म्हटलं, असेल बाबा, शिकलेली माणसं."

तिने खरंच सांगितलं होतं. धाकट्याला तो दिवससुद्धा आठवला. वहीतून डोकं वर न काढता त्याने तिला उडवून लावलं होतं.

दोघांनी माती पुन्हा ऊन केली. या वेळी गोधडीत गुंडाळून नेली आणि पोलादाचा गोळा पलीकडच्या शेडमध्ये, बंदुकीसमोर, अगदी झाडण्याआधी टाकला. तीन प्लेटा मारल्या. मावशीने पट्टी धरली, धाकट्याने वाचलं. अठ्ठावन्न, एकसष्ट, एकोणसाठ.

"म्हणजे?" मावशीने विचारलं.

"म्हणजे माणूस मेला," धाकटा म्हणाला.

थोरला कचेरीत पाहुण्यांची यादी बघत बसला होता. धाकट्याने चिठ्ठी आणि तिन्ही आकडे त्याच्यासमोर ठेवले. थोरल्याने आधी उठून दार लावलं. आकडे बघून त्याचा चेहरा खरोखर उतरला, तेवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. चिठ्ठी बघून मात्र उतरला नाही.

"तुला माहीत होतं?" धाकट्याने विचारलं.

"जाकीट मेलेल्याचं आहे एवढं माहीत होतं. एक चिठ्ठी वर होती, ती मी काढली. ही आत कशी राहिली कोण जाणे."

"आणि तू खाली दिवा लावलास, दादा?"

"मग काय करू, सुतक पाळू? गोळी थांबली की नाही? थांबली. पाटीवर खोटं काय आहे? जाकीट नसतं तर तो वाचला असता का?"

"जुनं जड जाकीट असतं तर वाचला असता."

"जुनं तो तंबूत टाकून गेला असता! शंभरातले साठ टाकून जातात, तूच सांगतोस ना सगळ्यांना?" थोरल्याने हात जोडले. "हे बघ, काय करायला हवं ते बोल."

"मागे आणखी थर घालायचे. सात-आठ महिने लागतील. वजन परत चढेल."

"किती?"

"सव्वा किलो."

थोरल्याने पाहुण्यांची यादी उलटी घातली. मग म्हणाला, "म्हणजे बारा वर्षं पाण्यात. आपण आणि बाजारातले बाकीचे सारखेच. चार हजार नग पेट्यांत बांधून तयार आहेत, आणि खाली तीनशे माणसं सुया चालवताहेत. त्यांना तू सांगशील की मी सांगू?"

"ते राहू दे. उद्या तू याच प्लेटसमोर उभा राहणार होतास. मी दोरी ओढणार होतो. अठ्ठावन्न, दादा! मी तुला मारला असता."

यावर थोरल्याने मान खाली घातली. चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा तो टेबलावरची पिन इकडून तिकडे करत राहिला.

"बस जरा," तो म्हणाला. "मी मेलो नसतो. प्रात्यक्षिकाच्या पेटीतल्या काडतुसांत दारू अर्धीच असते."

धाकट्याला आधी कळलंच नाही.

"अर्धी दारू. वरून काडतूस अगदी तसंच. पाहुण्यांच्या कानांवर आपण ते जाड टोप घालतो ना, ते काय त्यांच्या कानांच्या काळजीने? आवाज कमी आला तर ओळखतील म्हणून. मीच भरतो, दार लावून."

"आणि आबा?"

"आबांनीच शिकवलं. तुला काय वाटलं, आबा भरलेलं काडतूस छातीवर घ्यायचे? शिंपी होते ते, खुळे नव्हते."

अकरा वेळा! अकरा वेळा हा माणूस उपाशी राहिला होता, दोरी ओढल्यावर शेडमागे जाऊन ओकला होता. आणि घरात ठाऊक नव्हतं ते फक्त यालाच.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझं तोंड बघूनच तर लोकांची खात्री पटायची," थोरला म्हणाला. त्याने हे दुष्टपणे म्हटलं नाही, खरं होतं म्हणून म्हटलं. म्हणून ते जास्तच लागलं.

धाकटा उठला. असा तो आयुष्यात कधी थोरल्यासमोर उठला नव्हता.

"उद्या जाकीट मी घालणार. दोरी तू ओढायची. आणि काडतूस माझं. सैन्याच्या सीलबंद पेटीतलं, पूर्ण. उभा राहिलो तर पाठव तुझा माल. पडलो तर एक नग बाहेर जाणार नाही. बोल."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"नाहीतर मी उद्या सगळ्यांसमोर आकडे सांगतो."

थोरल्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. भावाला तो ओळखून होता. हा चार माणसांत तोंड उघडणार नाही, पण छाती पुढे करेल, हे त्याला पुरतं माहीत होतं. आणि तरीही तो म्हणाला, "बरं. तुझ्या मनासारखं होऊ दे." फार लवकर म्हणाला. धाकट्याला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आता तुम्ही म्हणाल, एवढं नाटक कशाला? सरळ फोन उचलावा, सांगावं, बाबांनो, माल घेऊ नका. बरोबर आहे. मीही तेच म्हणेन. पण फोनवर त्याला काय म्हणावं लागलं असतं? माती माझ्यामुळे गार पडली. म्हातारीने सांगितलेलं मी ऐकलं नाही. सही माझी आहे, आणि एक माणूस मेला आहे, कदाचित जास्तही. हे चार शब्द तोंडातून काढण्यापेक्षा मरण सोपं वाटणारी माणसं जगात असतात, आणि आपण त्यांना शूर म्हणतो. काय शूर, कपाळ!

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पाहुणे आले. सात-आठ जण, त्यात खरेदीचा शेवटचा शब्द ज्याचा तो कर्नल. पिकल्या मिशा, उजवा पाय जरा ओढत चालायचा. थोरल्याने नेहमीसारखं स्वागत केलं, आबांचं सांगितलं, सगळ्यांच्या हातांत टोप दिले. "आज," तो म्हणाला, "आज माझा भाऊ उभा राहणार आहे. ज्याने ही प्लेट घडवली तो."

पाहुण्यांत कुजबुज झाली. कर्नलने मान वर केली.

मावशी भिंतीशी उभी होती, मातीने बरबटलेले हात तसेच पदराला धरून. आदल्या दिवशी संध्याकाळी तिने धाकट्याला हवं ते बोलून घेतलं होतं, खुळ्यापासून गाढवापर्यंत. आता ती फक्त त्याच्या जाकिटाकडे बघत होती.

धाकट्याने सीलबंद पेटी सगळ्यांदेखत फोडली. एक काडतूस काढलं आणि बंदुकीशेजारच्या ताटलीत ठेवलं. मग पंधरा पावलं चालत जाऊन खांबाला पाठ लावली. जाकीट छान बसलं होतं. खरंच हलकं होतं. श्वास घ्यायला कसलाही त्रास नाही, हात मोकळे. बारा वर्षांत त्याने ते स्वतः गोळीसमोर कधी घातलं नव्हतं, आणि त्या क्षणी त्याला वाईट वाटलं ते एवढंच, की वस्तू किती सुंदर झाली होती.

समोर थोरल्याने सगळ्यांच्या कानांवर स्वतःच्या हाताने टोप चढवले आणि तो बंदुकीवर वाकला. त्याची पाठ इकडे होती. काडतूस भरायला एवढा वेळ लागत नाही, पण हात कापत असतील, असं धाकट्याला वाटलं. थोरला वळला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने दोरी हातात घेतली. धाकट्याने डोळे मिटले नाहीत. त्याने आठवायचं म्हणून आईला आठवलं, पण मनात येत राहिलं ते एकसष्ट, एकसष्ट, एकसष्ट.

दोरी ओढली गेली.

कुणीतरी ओळखीच्या माणसाने गर्दीत ढकलावं, तेवढाच धक्का बसला. पाठ खांबावर आपटली आणि झालं. धाकटा उभा होता. त्याने श्वास घेतला, तर श्वास आला. अजून एक घेतला, तोही आला. टाळ्यांचा कडकडाट झाला, कुणीतरी शिट्टी मारली. पत्र्याच्या फटीतून उन्हाचा कवडसा त्याच्या बुटांवर पडला होता आणि त्याला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की रडू फुटेलसं वाटलं. आपण जिवंत आहोत! चहा प्यावासा वाटला. मावशीच्या पाया पडावंसं वाटलं. जगण्याची एवढी हाव आपल्यात होती हे त्याला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग त्याच्या लक्षात आलं. जगात पूर्ण काडतूस काय करतं हे ज्या मोजक्या माणसांना मिलिमीटरमध्ये ठाऊक होतं, त्यातला तो एक होता. हे पूर्ण काडतूस नव्हतं.

थोरला धावत आला आणि त्याने धाकट्याला घट्ट मिठी मारली. पाहुण्यांना वाटलं, काय हे भावांचं प्रेम! ते होतंच. थोरला त्याच्या कानाशी हुंदके देत होता. "मला शिव्या घाल, मार, काय वाटेल ते कर. पण मला नाही जमणार रे. एकुलता एक भाऊ आहेस तू. तुला मी कसा मारू?"

धाकट्याचे हात आपोआप वर आले आणि त्याने भावाला कवेत घेतलं. राग यायला हवा होता. आला नाही.

कर्नल पाय ओढत जवळ आला. त्याने टोप काढून बगलेत धरला आणि प्लेटमध्ये रुतलेल्या गोळीवरून अंगठा फिरवला.

"तीस वर्षांत विकणारे पुष्कळ बघितले," तो म्हणाला. "सगळे बोलतात. तुमचा भाऊही छान बोलतो. पण ज्याने घडवलं तोच पुढे उभा राहिला, हे आज बघितलं. मला अहवाल-बिहवाल काही नको. तुम्ही एक सांगा. माझ्या पोरांना मी हे घालायला देऊ?"

सगळे धाकट्याच्या तोंडाकडे बघत होते. काम साधं होतं. 'काडतूस हलकं होतं' एवढंच म्हणायचं. तीन शब्द. पण त्या तीन शब्दांनी थोरल्याला इथूनच हातकड्या पडल्या असत्या. ज्याने आत्ता, या घटकेला, आपला जीव वाचवला त्याला. आबांचं नाव मातीत गेलं असतं. खालच्या तीनशे सुया थांबल्या असत्या. ही सगळी कारणं खरी होती, पण सगळ्यांत खरं कारण निराळंच होतं. सकाळी जो मरायला तयार होता त्याच्याकडे काही गमवायला नव्हतं. आता जो उभा होता त्याला घरी जायचं होतं, जेवायचं होतं, उद्या उठायचं होतं. त्याने मावशीकडे पाहिलं. मावशी त्याच्याकडेच बघत होती, अगदी एकटक. घशाला कोरड पडली. तळव्यांना घाम फुटला.

"द्या," धाकटा म्हणाला.

कर्नलने त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि तिथल्या तिथे, ढकलगाडीवर कागद ठेवून सही केली.

दुपारी तीनला ट्रक लागले. चार हजार नग, वीस-वीसच्या पेट्या. थोरला पाहुण्यांना सोडायला गेला होता. धाकटा जाकीट उतरवून जुन्या शेडमध्ये आला, तर मावशी आपलं सामान पिशवीत भरत होती. वाटी, चष्म्याचं घर, पाण्याची बाटली. भट्टी विझवलेली होती.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही. वय झालं आता."

"तू रागावलीस."

"मी रागावणारी कोण? सही तुझी, तोंड तुझं." तिने पिशवीची गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली. "काल अख्खी रात्र मी देवाला म्हणत होते, माझ्या पोराला वाचव. वाचवलं त्याने. मला काय माहीत, कुणाच्या बदल्यात."

"मावशी, दादाने काडतूस बदललं. माझा काय..."

"ते मला बघताच कळलं. तू उभा होतास ना." ती दारापर्यंत गेली आणि थांबली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता, माती मळताना असायचा तसा. "तू पडला असतास तर मी रडले असते. निदान ठाऊक असतं, कुणासाठी रडायचं. आता जे पडतील त्यांची नावं तरी सांग मला."

धाकट्याकडे नावं नव्हती. बाहेर पेट्या चढवणारा हमाल नग क्रमांक मोठ्याने वाचत होता आणि दुसरा ते कागदावर उतरवून घेत होता. मावशी थोडा वेळ वाट बघत उभी राहिली. मग ती पिशवी खांद्याला लावून, ट्रकांच्या बाजूने वाट काढत फाटकाकडे चालू लागली.